बाल्कनीच्या दारावरच्या वन्सं

वन्सं,

आज सकाळी मी विजेच्या सामानाच्या दुकानात पाऊण तास उभी होते. खिशात मावेल अशी बारीक बॅटरी घ्यायची होती. आमच्या जिन्यातला दिवा महिनाभर बंद आहे आणि इमारतीतले लोक त्यावर फक्त चर्चा करतात. मोबाईलला दिवा असतो, असं मला सगळे सांगतात. असतो. पण तो लावायला आधी चष्मा लागतो, आणि चष्मा शोधायला दिवा. दुकानदाराने काउंटरवर अकरा बॅटऱ्या मांडल्या आणि विचारलं, "आजी, नेमकी कशासाठी हवी?" मी म्हटलं, "उजेडासाठी." तो हसला. तुमच्यासमोर काहीतरी बावळटासारखं बोलून गेल्यावर वाटायचं तसं मला वाटलं. तुम्ही असतात तर त्यालाच उलट सात प्रश्न विचारले असतेत.

तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली. निवृत्त झाल्यापासून मी बऱ्याच जणांवर लिहिलं. प्राचार्यबाईंवर लिहिलं, ग्रंथपालांवर लिहिलं, कॉलेजच्या मांजरावर लिहिलं. मांजरावरच्या लेखाला तर सतरा पत्रं आली. तुमच्यावर एक ओळ लिहिली नाही, कारण लिहायचं तर खरं लिहावं लागणार, आणि खऱ्यात मी वाईट दिसते. आता अठ्ठ्याहत्तरची आहे. वाईट दिसण्याची भीती वाटायचं वय उलटलं असेल असा माझा समज होता. लिहायला बसल्यावर कळतंय, उलटलेलं नाही. तरी लिहिते, आणि छापायलाही देते. ज्यांच्यापासून लपवलं त्यांतले थोडे अजून आहेत, त्यांनी वाचावं. यातलं बरंचसं तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांना नाही. तेव्हा मध्येच "हे काय मला सांगतेस" असं म्हणू नका.

तर, वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का नाही, असं कोणी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "सुट्टीच मिळाली नाही." शहरातल्या जुन्या चित्रपटगृहात बाल्कनीच्या दारावर तुम्ही सव्वीस वर्षं उभ्या होतात. बाराचा खेळ, तीनचा खेळ, सहाचा खेळ. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं, अंधारात जागा दाखवायची.

मी घरात आले तेव्हा एम.ए. होते, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होते, आणि माझं नाक बरंच वर होतं. लग्नाआधी सासऱ्यांनी सांगितलं होतं, "आमची थोरली चित्रपटाच्या धंद्यात आहे." मी मनात काय काय रंगवलं ते आता सांगत नाही. लग्नानंतर आठवड्याभराने दोरीवर एक तपकिरी कोट वाळत घातलेला दिसला, छातीवर पितळी बिल्ला. मी विचारलं, "हा कोणाचा?"

"माझा," तुम्ही म्हणालात. "घालून बघ. खाली, स्टॉलच्या दारावर एक जागा रिकामी होणार आहे."

तुमचा भाऊ हसला, सासरे हसले. मला हसू आलं नाही. तेव्हापासून तुम्ही मला 'मास्तरीणबाई' म्हणायला लागलात, आणि मी कॉलेजात तुमच्याबद्दल थापा मारायला लागले.

थाप साधी होती. नणंद काय करते, असं कोणी विचारलं की मी म्हणायची, "चित्रपट व्यवसायात आहेत. व्यवस्थापनाच्या बाजूने." आणि घाईने विषय बदलायची. इकडे घरात काय चाललं होतं? माझी मुलगी तान्ही होती, माझे तास सकाळी आठला, तुमचा पहिला खेळ बाराचा. रोज साडेअकरापर्यंत ती तुमच्या मांडीवर. माझी नोकरी तुमच्या त्या चार तासांवर उभी होती, आणि त्या नोकरीत बसून मी तुम्हाला व्यवस्थापनाच्या बाजूने ढकलत होते.

तुमचं काम मला समजतच नव्हतं, कारण समजून घ्यायची गरज वाटली नाही. बोलता बोलता तुम्ही जे सांगायचात तेवढंच कानावर पडलं. चेहऱ्यावर उजेड मारणं म्हणजे शिवी देणं. जागा दाखवताना आपण पुढे चालायचं, हात मागे वळवायचा आणि उजेड मागून येणाऱ्याच्या पायाशी टाकायचा. आपल्याला पायऱ्या पाठ असतात, त्याला नसतात. रडायचा प्रसंग चालू असेल तर बॅटरीच्या काचेवर बोट ठेवायचं, म्हणजे नुसता लालसर उजेड पडतो. यात कोणाला सुभाषित सापडलं तर ते त्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावं. तुम्ही ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगायचात.

कंपनीची बॅटरी तीन सेलची, लाटण्याएवढी. रोज सही करून घ्यायची, सही करून परत द्यायची. स्वतःची आणायची नाही, असा नियम. "माणूस मारायला चांगली आहे," तुम्ही म्हणायचात, "वाट दाखवायला वाईट. मधोमध काळं भोक पडतं तिच्या उजेडात, आणि लोक नेमका त्या भोकात पाय टाकतात."

आता त्या दुपारचं सांगते. इतकी वर्षं मी हे कोणालाही सांगितलेलं नाही, तुमच्या भावालासुद्धा.

इंग्रजीच्या बाईंनी एका नावाजलेल्या परदेशी चित्रपटाला जायचं ठरवलं. आम्ही पाच जणी, त्यात प्राचार्यबाई. चित्रपट तुमच्याकडे लागलेला. तीनचा खेळ, बाल्कनीची तिकिटं. मी आदल्या दिवशी भाजी निवडताना सहज विचारल्यासारखं तुम्हाला विचारून घेतलं, या आठवड्यात कुठल्या दारावर? तुम्ही म्हणालात, खाली, स्टॉलला. मग मी घरी सांगितलं, कॉलेजात मीटिंग आहे, आणि निर्धास्त गेले.

आम्ही पोचलो तेव्हा खेळ सुरू झाला होता, कारण वेळेवर येणं इंग्रजीच्या बाईंना कमीपणाचं वाटायचं. बाल्कनीचा पडदा बाजूला झाला आणि आतून तुमचा आवाज आला, "तिकिटं." वरच्या दारावरच्या बाईंना ताप आला होता, म्हणून तुम्ही वर आला होतात. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की मी रुमाल तोंडाला लावला आहे आणि प्राचार्यबाईंच्या मागे लपले आहे. त्या उंच होत्या, हे माझं नशीब.

तुम्ही पुढे, आम्ही मागे. उजेड एकेकीच्या पायाशी पडत होता. इंग्रजीच्या बाईंच्या टाचा, प्राचार्यबाईंचे काळे बूट, मग माझे पाय. माझ्या उजव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली आहे. उजेड तिथे थांबला. जास्त नाही, अर्धा क्षण. मग पुढे गेला.

"सावकाश. तिसरी पायरी उंच आहे," तुम्ही म्हणालात. परक्या माणसाशी बोलावं तसं, अदबीने.

आम्ही बसलो. प्राचार्यबाई कुजबुजल्या, "किती अदबशीर बाई आहे. अशी माणसं मिळतात कुठून?"

मी म्हटलं, "पगारावर मिळतात."

कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण तुमच्यापासून आणखी थोडं लांब जायचं होतं, म्हणून बोलले. चौघी हसल्या. तुम्ही दोन पायऱ्या खाली होतात, पाठमोऱ्या. तुमची बॅटरी विझली, आणि पुढचं मला दिसलं नाही. चित्रपटही दिसला नाही. त्यात एक घोडा होता एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चहा गाळत होतात. म्हणालात, "काल मीटिंग लांबली का गं?"

"लांबली," मी म्हटलं.

"मीटिंगा लांबतातच," तुम्ही म्हणालात आणि कप माझ्यापुढे सरकवलात.

मला वाटलं, ओळखलं नाही. अंधार होता, तोंडावर रुमाल होता, आवाज हळू होता. तर्कशास्त्र शिकवणारी बाई मी, तीन कारणं मांडली आणि निष्कर्ष काढून मोकळी झाले. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. बोललेल्यापेक्षाही.

चार वर्षांनी, एका रविवारी सकाळी, आपण सगळे शेंगा सोलत बसलो होतो. मुलीने विचारलं, "आत्या, अंधारात तुला ओळखीची माणसं कशी कळतात?"

"पायांवरून," तुम्ही म्हणालात. "चेहरे बघतंय कोण? डॉक्टरांची डावी टाच झिजलेली असते. कोपऱ्यावरचा शिंपी पाय आत टाकून चालतो. बँकेतले साहेब दर वेळी वेगळ्या चपला आणि दर वेळी तेच भोक पडलेले मोजे."

तुमच्या भावाने माझ्याकडे हात केला. "आणि हिचे?"

तुम्ही शेंग सोललीत. दाणे वाडग्यात टाकलेत. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "हिचे कुठून ओळखणार? ही कधी आलीये आमच्याकडे?"

घरात रोज पाहत होतात माझे पाय. माझ्या करंगळीवर तुम्ही स्वतः मलम लावलं होतंत, एकदा काचेचा तुकडा गेला तेव्हा. त्या दुपारी काय झालं ते तुम्ही सगळं ऐकलं होतंत, मला तिथल्या तिथे कळलं. तुम्ही दार उघडून बाजूला उभ्या राहिलात. मी त्यातून आत येऊन म्हणू शकले असते, "आले होते, वन्सं." मी म्हटलं, "वेळ कुठे मिळतो."

"तेही खरंच," तुम्ही म्हणालात.

पुढे चित्रपटगृह बंद पडलं. तुम्ही बावन्न वर्षांच्या होतात. कोट आणि बिल्ला कंपनीने परत घेतला, ती लाटण्याएवढी बॅटरीही. तुम्ही घरी बसलात, म्हणजे बसला नाहीत. आठ दिवसांत स्वयंपाकघरातल्या डब्यांना तुम्ही रांगा आणि आकडे दिलेत. साखर 'क' रांगेत चौथी. तुमचा भाऊ डाळीचा डबा चुकीच्या जागी ठेवायचा तेव्हा तुम्ही म्हणायचात, "तिकीट बघू तुमचं." आम्ही हसायचो. पण बारा वाजले की तुम्ही उठून उभ्या राहायचात, आणि मग काय करायचं ते न सुचून पाणी प्यायचात. मी ते पाहिलं आहे. रोज बाराला, उभ्याने, एक पेला पाणी.

त्याच वर्षी कॉलेजने नवीन सभागृह बांधलं. चारशे खुर्च्या, उतरत्या पायऱ्या, अंधार झाला की मुली धडपडायच्या. दारावर एक बाई नेमायची असं ठरलं. हे मी जेवताना बोलून गेले. बोलल्यावर जीभ चावली, पण जीभ चावून शब्द परत येत नाहीत.

तुम्ही घास खाली ठेवलात. "पायऱ्या किती उंच आहेत?"

"मी मोजल्या नाहीत."

"मोजून ये. आणि कठडा आहे का ते बघ."

दुसऱ्या दिवशी तुम्ही अर्ज लिहायला बसलात. चार वेळा लिहिलात. शेवटचा मला वाचायला दिलात, चुका काढायला. चुका नव्हत्या. त्यातली दोन वाक्यं मला अजून पाठ आहेत: 'सव्वीस वर्षांत माझ्या दारावर एकही माणूस पडलेला नाही. एक पडला होता, पण तो पिऊन आला होता.' मी म्हटलं, दुसरं वाक्य काढा. तुम्ही म्हणालात, "का? खरं आहे."

मग घडी घालून कागद माझ्या हातात दिलात. "नुसता बाईंच्या टेबलावर ठेव. नातं सांगायची गरज नाही. आपोआप आल्यासारखा ठेव."

नातं सांगायची गरज नाही. तुम्ही माझी ती अडचणसुद्धा आधीच उचलून बाजूला ठेवलीत. एकच गोष्ट तुमच्या ध्यानात आली नाही, किंवा आली असेल आणि तुम्ही मला तेवढी क्षुद्र समजला नसाल. तुम्ही लग्न केलं नाही आणि मी तुमच्या घरात लग्न करून आले, म्हणून आपलं आडनाव एकच. ते काही गल्लोगल्ली सापडणारं आडनाव नाही. अर्जाखाली तुमची सही वाचून प्राचार्यबाई मान वर करणार आणि विचारणार, "तुमच्या कोणी लागतात का? त्या व्यवस्थापनातल्या?" आणि मग त्यांना तो अंधार आठवणार, ती तिसरी पायरी आठवणार, आणि कोण काय म्हणालं तेही. हा सगळा निष्कर्ष मी दोन क्षणांत काढला. अर्ज पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि कॉलेजला गेले. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "ठेवलास?" मी म्हटलं, "ठेवला."

त्याच शनिवारी तुम्ही मला बॅटरीच्या दुकानात घेऊन गेलात.

"आता कंपनीची नाही, माझी," तुम्ही म्हणालात. "बारीक हवी. कोटाच्या वरच्या खिशात, पेनाशेजारी बसेल अशी. कॉलेजात माणूस लाटणं घेऊन फिरला तर बरं दिसत नाही." घरी तुम्ही कोटही शिवायला घेतला होता. जुन्यासारखाच, पण रंग निळा.

पर्स माझ्या खांद्याला होती. अर्ज पर्समध्ये होता. मी काउंटरला टेकून उभी राहिले.

दुकानदाराने सहा बॅटऱ्या काढल्या. तुम्ही पहिली उचललीत आणि ब्लाउजमध्ये खोचलेल्या पेनाच्या टोपणाशी लावून जाडी पाहिलीत. "ही पेनाला ढकलून देईल." बाद. दुसरी पेनाशेजारी खोचून तुम्ही दुकानातच खाली वाकलात. ती टणकन जमिनीवर पडली. "हिला पट्टी नाही धरायला. रोज शंभर वेळा वाकायचंय मला." बाद. तिसरीचं बटण तुम्ही कानाशी धरून दाबलंत. परत दाबलंत.

"बाई, घड्याळ नाही ते," दुकानदार म्हणाला.

"घड्याळ वाजलं तर चालतं," तुम्ही म्हणालात. "नाटकात सगळे गप्प झाले की हिचा टक्क असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल. आणि हे सरकवायचं बटण नको. खिशात आपोआप सरकतं, सेल संपतो, आणि आपल्याला कळतं ते नेमकं गर्दीत. दाबून धरलं तर पेटेल, सोडलं की विझेल, अशी द्या. अंगठा डावा."

"अंगठा डावा म्हणजे?"

"उजव्या हातात लोकांची तिकिटं असतात."

मग तुम्ही उरलेल्या तीन घेऊन मागच्या गोदामात गेलात आणि दार लावून घेतलंत. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. आतून तुमचा आवाज आला, "हिच्या मधोमध काळं आहे." थोड्या वेळाने, "ही फार पांढरी. डोळ्यात जाते." बाहेर आलात तेव्हा तुमच्या केसांना कोळिष्टक होतं आणि हातात एकच होती. बारीक, राखाडी, दोन पेन्सिल सेलची, अंगावर खरखरीत रेघा, म्हणजे घामाने निसटू नये.

दुकानदार म्हणाला, "एवढी चौकशी तर लोक सून आणताना करत नाहीत."

"खरंय," तुम्ही म्हणालात. "आम्ही नाही केली. ही उभी आहे बघा."

तो मोठ्याने हसला. तुम्हीही हसलात, माझ्या पाठीवर थाप मारलीत. एवढ्या आनंदात मी तुम्हाला फार कमी वेळा पाहिलं आहे. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. निदान सोमवारी अर्ज नेऊन ठेवायला हवा होता. थोड्या दिवसांचा उशीर, कोणाला कळलं असतं? घरी येताना तुम्ही रस्त्यातल्या प्रत्येक सावलीत ती पेटवून पाहत होतात, झाडाखाली, जिन्याखाली, एकदा माझ्या पर्सच्या आतसुद्धा. "बघ, तळ दिसतो," म्हणालात. मी पर्स मिटली.

तीन आठवडे तुम्ही थांबलात. मग विचारलंत, "काही कळलं का गं?"

"जागा भरली, वन्सं," मी म्हटलं. "ओळखीतलं कोणीतरी घेतलं."

"असतंच ते," तुम्ही म्हणालात. निळा कोट तुम्ही तसाच अर्धा शिवलेला घडी करून ठेवलात. बॅटरी मात्र अंगावेगळी केली नाहीत. घरातल्या कपड्यांना खिसे नव्हते, तर आतून एक शिवून घेतलात.

वर्ष गेलं. मुलगी आमच्याच कॉलेजात आली आणि तिच्या वक्तृत्व स्पर्धेला आपण सगळे सभागृहात गेलो. तुमच्या भावाने आग्रह केला. मला कारण सुचलं नाही. दारावर कोणी नव्हतं. ती जागा कोणी भरलीच नव्हती; मुलाखती पुढे ढकलल्या जात होत्या आणि मुली धडपडत होत्या. तुम्ही आत आलात, रिकाम्या दाराकडे पाहिलंत आणि खुर्चीत बसलात. दिवे मालवले. उशिरा येणारे येत राहिले. एक म्हातारे पाहुणे पायरीवर अडखळले आणि खुर्चीच्या पाठीला धरून कसेबसे थांबले.

तुम्ही उठलात. अंगातल्या खिशातून ती राखाडी बॅटरी काढलीत आणि दाराशी जाऊन उभ्या राहिलात. त्यानंतर अर्धा तास जे कोणी आलं त्याला तुम्ही जागेवर नेऊन बसवलंत. आवाज नाही, धक्का नाही, कोणाच्या तोंडावर उजेड नाही. स्पर्धेतल्या मुलीसुद्धा मान वळवत नव्हत्या.

प्राचार्यबाई पहिल्या रांगेत होत्या. संपल्यावर त्या मागे आल्या. "त्या कोण बाई? कोणी नेमलं त्यांना?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी मुलगी म्हणाली, "माझी आत्या."

म्हणजे तेसुद्धा मी म्हटलं नाही. सोळा वर्षांच्या मुलीने म्हटलं, आणि सरळ म्हटलं.

प्राचार्यबाई माझ्याकडे वळल्या. "अहो, आम्ही वर्षभर अशी बाई शोधतोय आणि तुमच्या घरात आहेत! आधी बोलायचं नाही का?"

तुम्ही जवळच होतात. तुमच्या कानावर सगळं पडलं: वर्षभर शोधतोय. तुम्ही बॅटरी खिशात घातलीत आणि म्हणालात, "ही म्हणाली होती. मीच नको म्हटलं. गुडघा दुखत होता तेव्हा." आणि मग त्या चारशे खुर्च्यांच्या पायऱ्या शेळीसारख्या टपाटप उतरून माझी विसरलेली छत्री घेऊन आलात.

प्राचार्यबाईंना तुम्ही आठवलात की नाही, मला माहीत नाही. त्यांनी तसं दाखवलं नाही. ज्या भीतीने मी वर्षभर अर्ज लपवला, ती भीती अशी दोन मिनिटांत, काहीही न होता, संपून गेली.

घरी जाताना तुमचा भाऊ आणि मुलगी पुढे होते. आपण दोघी मागे.

"जागा भरली म्हणाली होतीस," तुम्ही म्हणालात.

"वन्सं, मी..."

"राहू दे. अर्ज आहे का अजून?"

"आहे," मी म्हटलं.

"मग उद्या दे. आज बाईंनी काम पाहिलंय, डोळ्यांसमोर असेल त्यांच्या. नातंही कळलंय आता, तोही प्रश्न नाही." थोडं चालून म्हणालात, "पुसू नको पण काही त्यातलं. पिऊन आला होता, ते राहू दे."

"देते," मी म्हटलं.

अर्ज नव्हता. पर्स बदलताना तो जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात गेला आणि गठ्ठा रद्दीत. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, "हरवला, परत लिहून द्या." तुम्हाला तो तोंडपाठ होता. पाच मिनिटांत लिहून झाला असता. पण हरवला म्हटलं की कधी हरवला हे आलं, आणि कधी म्हटलं की वर्षभर कुठे होता हे आलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं, सगळं तुम्हाला कळलं होतं, तरी ते माझ्या तोंडून निघेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही चहा पुढे सरकवलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी पेपर तपासत होते. तिसऱ्या दिवशीही पाहिलंत. विचारलं नाहीत. महिन्याभरात पाहायचंही थांबलात.

दोन महिन्यांनी प्राचार्यबाई मला कॉरिडॉरमध्ये भेटल्या. मुलाखतींची तारीख ठरत होती. "तुमच्या नणंदबाईंचा अर्ज आला नाही तो?" त्या म्हणाल्या. "गुडघा बरा असेल तर द्यायला सांगा. मी वाट बघतेय."

"सांगते," मी म्हटलं. सांगितलं नाही.